दूध दाट, गुणोत्तर तेच

दूध आटवून बासुंदी कशी होते ते आपल्या घराघरांत ठाऊक आहे. आईच्या दुधाचेही असेच काही करता येईल का? घाटकोपरच्या एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात नववीच्या दोन मुलींनी हा विचार मांडला होता. सेलोफेनच्या पिशवीत गाईचे दूध आणि बाहेर साखरेचा घट्ट पाक. परासरणाने पाणी बाहेर जाते, दूध दाट होते. तक्त्यावर लिहिले होते, ‘आईचे दूध असे दाट करा, अपुऱ्या दिवसांच्या बाळाला दुप्पट पोषण द्या.’ आम्ही परीक्षकांनी पहिला क्रमांक दिला. त्यात मीही होते. परतताना लोकलमध्ये हिशेब मांडला, तेव्हा कळले की विचारायचा प्रश्न आम्ही विचारलाच नव्हता.

मुलींनी निवडलेली अडचण खरी आहे. सदतिसावा आठवडा पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या बाळाला वेगाने वाढायचे असते, पण पोट इवलेसे. १ किलो वजनाच्या बाळाला दिवसाकाठी फार तर १८० मिलिलिटर दूध पेलते. त्याला प्रथिने लागतात ३.५ ते ४ ग्रॅम आणि ऊर्जा ११० ते १३५ किलोकॅलरी. आईच्या १०० मिलिलिटर दुधात प्रथिने सुमारे १ ग्रॅम आणि ऊर्जा सुमारे ६७ किलोकॅलरी असते. म्हणजे १८० मिलिलिटरमधून ऊर्जा १२० किलोकॅलरी मिळाली, ती पुरेशी आहे. प्रथिने मात्र १.८ ग्रॅम, गरजेच्या निम्मीच.

आता हेच दूध आटवून निम्मे करा. १८० मिलिलिटरमध्ये प्रथिने ३.६ ग्रॅम झाली. पण ऊर्जाही २४० किलोकॅलरी झाली! ती कमी करावी म्हणून दूध कमी पाजले, तर प्रथिने पुन्हा तितकीच कमी. पाणी काढल्याने घटकांचे आपापसातले गुणोत्तर बदलत नाही. हे गणित तर आपण शाळेतच शिकवतो.

दुसरी अडचण विरघळलेल्या कणांची. त्यांची संहती आईच्या दुधात जवळजवळ रक्ताइतकीच, किलोला सुमारे ३०० मिलिऑस्मोल असते. निम्मे आटवल्यावर ती ६०० च्या घरात जाईल. बाळाच्या दुधात ती ४५० च्या पुढे नेऊ नये, असा डॉक्टरांचा जुना संकेत आहे. त्याने नेमका किती अपाय होतो याबद्दल मतभेद आहेत. पण म्हणून कोवळ्या आतड्यावर ते आजमावायचे का?

गंमत अशी की मुलींच्या पिशवीतला दोषच खऱ्या उपायाकडे बोट दाखवतो. सेलोफेनमधून फक्त पाणी जात नाही. दुधातली साखर (लॅक्टोज) आणि क्षारही बाहेर झिरपतात, आणि पाकातली साखर आत येते. आत येणारी साखर नको. बाहेर जाणारे लॅक्टोज मात्र हवेच आहे. योग्य छिद्रांच्या पटलातून दूध दाबाने गाळले, तर पाण्याबरोबर लॅक्टोज जाते आणि प्रथिने मागे राहतात. साय आधी काढली तर प्रथिनांचा वाटा आणखी वाढतो. कॅल्शियम व फॉस्फरस तरीही वेगळे द्यावे लागतात. अमेरिकेत दान केलेल्या दुधापासून असे पूरक तयार होते, पण ते फार महाग असते. बहुतेक ठिकाणी गाईच्या दुधापासून केलेली पूरक भुकटी आईच्या दुधात मिसळतात.

महागाईचे मूळ साधे आहे : दूध कोणाचे? शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आशियातली पहिली मानवी दुग्धपेढी सुरू केली. पेढीत दूध उकळत नाहीत; ६२.५ अंश सेल्सिअसला ३० मिनिटे ठेवतात, कारण जास्त उष्णतेने त्यातली संरक्षक प्रथिने अधिक नष्ट होतात. त्यातली प्रत्येक वाटी कुणा आईने आपल्या बाळाला पाजून उरलेल्यातून दिलेली असते. दोन वाट्यांची एक केली, तर दुसऱ्या बाळाने काय प्यावे? मानवी दुधावर प्रक्रिया करून ते विकायला परवानगी नाही, हे अन्न सुरक्षा प्राधिकरणाने मे २०२४ मध्ये स्पष्ट केले.

मुलींचे बक्षीस परत घ्यावे असे मी म्हणत नाही. उणीव आम्हा परीक्षकांची होती. ‘पाण्याबरोबर काय गेले आणि मागे काय राहिले?’ एवढे जरी विचारले असते, तरी त्या दोघींनी पुढचा हिशेब स्वतःच मांडला असता. आपल्या वर्गात हा तक्ता जरूर करून पाहा. पाटी-पेन्सिल पुरेल.