सावतोबांचे खुरपे आणि आजचे निरूपण



गुडघ्यांनी साथ सोडल्यापासून मी सातारा-सांगलीकडच्या सप्ताहांत श्रोत्यांमध्ये बसतो. बसून ऐकताना जे उभे राहून कळले नव्हते तेही पुष्कळ कळते. त्यातली एक गोष्ट आज आपल्यापुढे ठेवतो. हे लिहिणे निरूपणाविषयी आहे, कोणा एका बुवांविषयी नाही.

अलीकडे संतांना कष्टाचे आणि यशाचे मास्तर करण्याची रीत पडली आहे. सेवेला सावता महाराजांचा अभंग घ्यायचा, त्यांना मळ्यातल्या भाजीपाल्यात विठ्ठल दिसला हे सांगायचे, आणि लगेच निष्कर्ष काढायचा : काम हाच देव, म्हणून एक मिनिटही वाया घालवू नका, पहाटे चारला उठा, दिवसाचे टार्गेट ठरवा. मंडपात टाळ्या पडतात. पण अभंगाचा अर्थ तेवढ्यात हातातून निसटलेला असतो.

कसा, ते पाहा. सावतोबा कामाला देव म्हणत नाहीत. ते मळ्यात देव पाहतात. काम हाच देव म्हटले की काम मोठे होते आणि देव त्यावर चिकटवलेली चिठ्ठी होतो. उद्या काम गेले, हातपाय थकले, की देवही गेला. मळ्यात देव पाहणाऱ्याचे तसे होत नाही. भाजीचा वाफा उन्हाने जळून गेला तरी त्याचा विठ्ठल तिथेच असतो.

महिपतींनी १७६२ मध्ये पूर्ण केलेल्या ‘भक्तविजया’तली कथा आपल्याला पाठ आहे. देव ज्ञानोबा-नामदेवांना घेऊन कूर्मदासाच्या भेटीला निघाले. वाटेत अरण लागले. देव दोघांना मागे ठेवून सावतोबांच्या मळ्यात शिरले आणि म्हणाले, मला लपव. सावतोबांनी काय केले? हातातल्या खुरप्याने स्वतःचे पोट फाडले आणि देवाला आत घेतले. त्या घटकेला तण किती निघाले आणि किती राहिले, हा हिशेब कोणी मांडला? जे खुरपे दिवसभर वाफ्यात चालले, तेच देव दाराशी आल्यावर वाफा सोडून छातीकडे वळले. आजचे निरूपण सावतोबा पंढरीला गेले नाहीत इथपर्यंत येते आणि थांबते. खुरपे वळले, हा कथेचा गाभा राहूनच जातो.

त्याच कथेतला कूर्मदास पाहा. हातपाय नसलेला हा भक्त पैठणहून लोळत निघाला आणि लऊळपर्यंतच पोचला. वारी पुरी झाली नाही. आजच्या मापाने हा माणूस नापास. पण देव पंढरी सोडून त्याच्याकडे चालत गेले. एक भक्त काम सोडून आला नाही, दुसऱ्याला काम पुरे करता आले नाही, आणि देव एकाच फेरीत दोघांनाही भेटले. महिपतींनी या दोघांना एकत्र गुंफले आहे, ते उगाच नव्हे.

गोरोबाकाकांची कथाही आता कामातल्या एकाग्रतेचा दाखला म्हणून सांगतात. अहो, तेरला चिखल तुडवताना त्यांचे चित्त नामात होते, चिखलात नव्हते. म्हणून तर पायाखाली लेकरू आले तेही कळले नाही. त्या कथेने अंगावर काटा यावा. तिच्यातून कामाचा धडा काढणे म्हणजे कथा न ऐकणेच. आणि चोखोबांना काय सांगाल? १३३८ मध्ये मंगळवेढ्याला गावकुसाचे बांधकाम करताना ते भिंतीखाली गेले. ज्यांच्या वाट्याला जन्मभर वेठ आली, त्यांना काम हाच देव असे ऐकवायला आपली जीभ धजावेल का?

कोणी म्हणेल, बुवा, मग संत आळस शिकवतात का? मुळीच नाही. आपल्या संप्रदायाइतकी शिस्त कुठे आहे? पहाटेचा काकडा, संध्याकाळचा हरिपाठ, चोपदाराचा चोप उंचावताच शांत होणारा सगळा समाज. पण हा नेम आहे. नेम म्हणजे वेळेला घातलेला बांध. एवढी घटका देवाची, तिच्यात बाजार शिरू द्यायचा नाही. टार्गेट तो बांध फोडून बाजाराला आत घेते. आता नामालाही ते लागले आहे. हरिपाठ मोबाईलवर दीडपट वेगाने ऐकणारे मी पाहिले आहेत. वाचवलेल्या त्या दहा मिनिटांचे पुढे काय केले, असे विचारले तर उत्तर येत नाही.

हे सगळे ऐकायला समोर कोण बसलेले असते, तेही पाहू. कराड, वाळवा, पलूस हा कृष्णाकाठचा ऊसपट्टा. इथे आडसाली लागण जुलै-ऑगस्टात, म्हणजे आषाढी वारीच्याच सुमाराला. कार्तिकीला कारखान्यांचा हंगाम तोंडावर आलेला. लावलेला ऊस दीड वर्ष रानात उभा आणि डोक्यावर सोसायटीचे कर्ज. लाईटची पाळी रात्रीची, म्हणून माणूस मध्यरात्री पाणी पाजायला जातो. त्याची पोरे शिरवळला नाहीतर कुपवाडला कारखान्यात पाळ्या करतात. घरातली सून पहाटे धारेला उठते आणि सगळ्यांच्या मागून जेवते. यांना आपण व्यासपीठावरून मिनिट वाया घालवू नका म्हणून सांगतो! त्यांच्या गरिबीचे खापर आपण त्यांच्याच माथी फोडतो, आणि तेही संतांच्या तोंडून.

वाळव्याकडचा एक तरुण कीर्तन संपल्यावर माझ्याजवळ आला. पुण्यात नोकरी, आई गावी अंथरुणाला खिळलेली. म्हणाला, “बुवा, सुट्टीला येतो, आईजवळ बसतो, पण बसलो की वाटतं काहीतरी राहिलंय. दहा मिनिटांत उठतो.” मी त्याला म्हटले, “बाळा, पुंडलिकाने प्रत्यक्ष देवाला विटेवर थांबवले ते आईबापाच्या सेवेसाठी. तुझे राहिलेले काम देवापेक्षा मोठे आहे का?” तो काही बोलला नाही, नुसता पाया पडला.

माउलींची पालखी नीरास्नान करून सातारा जिल्ह्यात येते. पुढे लोणंदनंतर चांदोबाच्या लिंबाला पहिले उभे रिंगण होते. अश्व धावत जातो आणि धावत परत येतो. कुठे पोचला? काय मिळवले? तरी त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला हजारो माणसे वाकतात. सप्ताहात सात दिवस विणा खाली ठेवायचा नसतो. मध्यरात्री दोनच्या पहाऱ्याला मंडप रिकामा, सतरंजीवर एखादे कुत्रे निजलेले, आणि गावचा एखादा शेतकरी विणा गळ्यात घालून उभा असतो. त्याची कोणी मोजदाद करत नाही. सकाळी तो पुढच्याच्या गळ्यात विणा घालतो, पाया पडतो आणि रानात जातो.

माउली, माझे मागणे थोडे आहे. पुढच्या सप्ताहात सावतोबांचा अभंग सेवेला आला, तर बुवांना हात जोडून सांगा की कथा अर्ध्यावर सोडू नका, खुरपे वळले तिथपर्यंत न्या. आणि आपल्या गावच्या रात्रीच्या पहाऱ्याला एकदा तरी विणा गळ्यात घ्या. घड्याळ घरी ठेवून या.

जय जय राम कृष्ण हरि.