जाणीव, विज्ञान आणि ‘अनुभवामृत’

‘विज्ञान आणि अध्यात्म’ या जोडशीर्षकाखाली मराठीत जे लेखन होत आले आहे, त्याचा एक ठरलेला घाट आहे. आधी मेंदूविषयीच्या एखाद्या प्रयोगाचा वृत्तान्त येतो, मग ज्ञानदेवांची ओवी येते, आणि शेवटी प्रयोगाने ओवी सिद्ध झाल्याचा निर्वाळा दिला जातो. या लेखनामागच्या श्रद्धेविषयी तक्रार करण्याचे कारण नाही. तक्रार वाचनाविषयीची आहे. येथे प्रयोगही नीट वाचला जात नाही आणि ओवी तर मुळीच वाचली जात नाही.

गोंधळाची सुरुवात शब्दांपासूनच होते. ‘जाणीव’, ‘संज्ञा’, ‘चेतना’, ‘चैतन्य’, ‘बोध’ हे शब्द आज एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात. वस्तुतः प्रत्येकाची कुळी वेगळी आहे. बौद्ध परंपरेतील पाच स्कंधांत संज्ञा हा एक स्कंध आहे आणि विज्ञान हा दुसरा. तेथे विज्ञान म्हणजे विषयाचे भान. ‘ज्ञानेश्वरी’च्या सातव्या अध्यायात मात्र ज्ञानदेव प्रपंचाच्या ज्ञानाला विज्ञान म्हणतात आणि त्या प्रपंचालाच सत्य मानणे हे अज्ञान ठरवतात. ज्या शब्दाच्या आधाराने आजचा लेखक ज्ञानदेवांना प्रयोगशाळेत नेतो, त्या शब्दाची मर्यादा खुद्द ज्ञानदेवांनीच आखून दिलेली आहे, हे या लेखकाच्या गावीही नसते. ‘जाणीव’ या शब्दाचेही तेच. रामदासांच्या ‘दासबोधा’त जाणीव मूळमायेच्या बाजूला पडते, परब्रह्म तिच्या पलीकडचे. तेव्हा जाणीव आणि चैतन्य यांत समीकरणाचे चिन्ह घालणे म्हणजे संतांचा प्रमुख भेदच पुसून टाकणे होय.

‘अनुभवामृता’ची रचना या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. सुमारे आठशे ओव्यांच्या या दहा प्रकरणी ग्रंथात सातवे, सर्वांत विस्तृत प्रकरण अज्ञानाच्या खंडनाला दिलेले आहे. येथपर्यंत कोणत्याही वेदान्ती वाचकाची संमती मिळेल. परंतु त्यापाठोपाठ आठव्यात ज्ञानाचेच खंडन येते. तिसऱ्या प्रकरणात शिवसूत्राचा दाखला देऊन ज्ञान हेही बंधनच आहे असे ज्ञानदेव आधीच सांगून बसलेले आहेत. सहाव्यात शब्दाची थोरवी गाऊन त्याचीही वासलात लावलेली आहे. अज्ञान नाहीसे करण्यापुरतेच ज्ञानाला ज्ञानपण असते. नाहीसे करायला अज्ञानच नसेल तर ज्ञान कशाच्या आधारावर उभे राहणार, असा हा युक्तिवाद आहे. आत्मवस्तू कोणाच्याही, स्वतःच्यासुद्धा, जाणण्याचा विषय होत नाही. ‘चांगदेवपासष्टी’त आरशाचा दृष्टान्त याच कामी येतो: आहे ते एकटे मुखच, आरशामुळे पाहणे घडल्याचा उगाच भास होतो. द्रष्टा, दृश्य आणि दर्शन ही त्रिपुटीच येथे मोडीत निघते. (परंपरा सांगते की चांगदेवांनी कोरा कागद पाठवला होता. या विषयावरचा तो सर्वांत नेमका मजकूर म्हणावा लागेल.)

आता प्रयोग. २००४ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या रिचर्ड डेव्हिडसन यांच्या गटाने दीर्घकाळ ध्यान केलेल्या आठ बौद्ध साधकांच्या मेंदूतील विद्युत्‌लहरींची दहा नवशिक्या विद्यार्थ्यांच्या लहरींशी तुलना प्रसिद्ध केली. साधकांच्या ध्यानाचे तास दहा हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत होते, आणि त्यांच्यात उच्च वारंवारतेच्या गॅमा लहरी लक्षणीय प्रमाणात आढळल्या. हे निरीक्षण महत्त्वाचे आहे. परंतु ते त्रिपुटीच्या आतले आहे: मोजणारा, मोजले गेलेले आणि मोजणी. ज्ञानदेवांच्या विधानाला त्याने पुष्टी मिळत नाही, बाधही येत नाही. पुष्टी मिळाली असे म्हणताच आत्मवस्तू विषय होते, आणि आठवे प्रकरण लिहिण्याचे प्रयोजनच संपते. ज्ञानदेवांचा गौरव करू निघालेले लेखन त्यांचा पूर्वपक्ष होऊन बसते, तो असा.

विज्ञानाच्या बाजूने अधिक प्रामाणिक संवाद शक्य आहे, पण तो वेगळ्या ठिकाणी. डेव्हिड चाल्मर्स यांनी १९९५ साली जाणिवेच्या ‘कठीण प्रश्ना’ची मांडणी केली: मेंदूच्या सर्व क्रिया समजल्या तरी त्यांच्यासोबत अनुभव का असावा? क्रिस्टॉफ कॉख यांनी १९९८ मध्ये पंचवीस वर्षांत जाणिवेची चेतापेशीय यंत्रणा सापडेल अशी पैज त्यांच्याशी लावली. २०२३ मध्ये न्यूयॉर्कला ती हरल्याचे मान्य करून त्यांनी वाइन देऊन टाकली. त्यावर आपल्याकडे ‘विज्ञान हरले’ असा जयघोष करणे बालिश आहे. चाल्मर्स यांचा प्रश्न अनुभव आहे हे गृहीत धरून त्याचे स्पष्टीकरण मागतो. ज्ञानदेव अनुभव, अनुभविता आणि अनुभाव्य ही विभागणीच नाकारतात. एकाच्या प्रश्नाला दुसऱ्याचे उत्तर जोडता येत नाही.

मराठी समीक्षेने या प्रश्नाकडे आपल्या बाजूने पाहायला हवे होते, कारण तिच्याजवळ तिसरा पुरावा होता. विल्यम जेम्स यांनी १८९० मध्ये मांडलेली विचारप्रवाहाची कल्पना कादंबरीत आली, तेथून मराठीत ‘संज्ञाप्रवाह’ झाली, आणि मर्ढेकरांच्या ‘रात्रीचा दिवस’ला (१९४२) तिचे लेबल लागले. लेबल लावल्यावर चर्चा बहुधा तंत्रापाशीच थांबली. त्या कादंबरीतील मनाचा प्रवाह हा मनाचा आलेख नव्हे. ती वाक्यांची, तुटलेल्या वाक्यांची, रचना आहे. प्रथमपुरुषी अनुभव भाषेत उतरताना काय होतो आणि काय होत नाही, हे तेथे शब्दाशब्दावर तपासता येते. ‘अनुभवामृता’च्या सहाव्या प्रकरणाला नेमका याच ठिकाणी भाषेचा संशय आला होता. या दोन ग्रंथांना शेजारी ठेवून केलेले वाचन गॅमा लहरींच्या आधाराने केलेल्या वाचनापेक्षा कितीतरी अवघड आहे, आणि ते अद्याप व्हायचे आहे.