जीपीएल नीट वाचू या: प्रश्न बदलण्याचा नाही, देण्याचा आहे

'ओपन सोर्स कोडमध्ये बदल केला की तो जाहीर करावाच लागतो' हे वाक्य तुम्ही नक्की ऐकलं असेल. आता जीपीएलची दुसरी आवृत्ती (१९९१) स्वतः उघडून वाचा. त्यात असं कुठेच नाही. घरात, ऑफिसात, स्वतःच्या सर्व्हरवर हवे तेवढे बदल करा. परवाना काही मागत नाही. जबाबदारी सुरू होते ती प्रत दुसऱ्याच्या हातात गेली की.

आणि ती जबाबदारी कुणाशी? मूळ लेखकाशी नाही, तर प्रत घेणाऱ्याशी. समजा, तुम्ही एका ग्राहकासाठी प्रोग्रॅम बदलून दिलात. सोबत पूर्ण सोर्स कोड दिलात, की गिटहबवर टाकायची सक्ती नाही. सोबत दिला नाही, तर किमान ३ वर्षं टिकणारं लेखी आश्वासन द्यायचं, आणि मग मागेल त्या कुणालाही तो कोड द्यावा लागतो. 'पूर्ण' म्हणजे कम्पाइल आणि इन्स्टॉल करायच्या स्क्रिप्टसकट. कोणत्या फायली कधी बदलल्या, तेही नोंदवायचं. ग्राहकाने पुढे तो कोड वाटला तर तुम्ही अडवू शकत नाही.

या रचनेची ताकद लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी५४जी राउटरने दाखवली. आत लिनक्स आहे, पण कोड दिलेला नाही, हे लोकांनी २००३ मध्ये शोधून काढलं. कंपनीला कोड द्यावा लागला आणि त्यातूनच पुढे ओपनडब्ल्यूआरटी प्रकल्प उभा राहिला.

पण माझी तक्रारही इथेच आहे. सगळा भार 'देणे' या एकाच क्रियेवर टाकल्यामुळे दोन पळवाटा राहिल्या. टिवोने कोड दिला, पण बदललेला कोड त्यांच्या यंत्रावर चालूच द्यायचा नाही, अशी सोय केली. अक्षर पाळलं, हेतू गेला. दुसरी पळवाट सर्व्हरची: प्रोग्रॅम तुम्ही ब्राउझरमधून रोज वापरता, पण प्रत तुमच्या हातात येतच नाही, म्हणजे कोड मागायचा हक्कही नाही. २००७ मध्ये जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीने पहिली आणि एजीपीएलने दुसरी बुजवायचा प्रयत्न केला. लिनक्स कर्नल मात्र आजही दुसऱ्याच आवृत्तीवर आहे.

त्याहून मोठी उणीव म्हणजे, हक्क घेणाऱ्याला दिला, पण तो त्याला कळेल कसा? परवान्याची प्रत सोबत द्यायची अट आहे खरी, पण ती सेटिंग्जच्या तळाशी इंग्रजीत पडून असते. एकदा तुमच्या टीव्हीच्या किंवा राउटरच्या मेनूत ते पान शोधा. जीपीएलचं नाव दिसलं, तर कोड कुठे मागायचा तेही लिहिलंय का बघा. लिहिलं असेल, तर खरंच मागून बघा.