अमुक तमुक, मुक्काम वर्धा

सेवाग्रामला बापूंच्या दफ्तरात एक जुना टेलिफोन जपून ठेवला आहे. व्हाइसरॉय लिनलिथगोंना गांधीजींशी केव्हाही बोलता यावं म्हणून तो बसवला, असं आश्रमात सांगतात. त्या फोनला डिरेक्टरीची गरज नव्हती. तिकडे एक, इकडे एक. कोण हवंय हे विचारायचं कारणच नाही. तिसरा माणूस आला की घोळ सुरू होतो. आणि वर्ध्यातल्या एखाद्या मोठ्या रुग्णालयाचा विचार केला, तर तिथं डॉक्टर, परिचारिका, औषधभांडार, हिशेब मिळून शेकडो माणसं. कोण कुठल्या एक्स्टेंशनवर, हे ऑपरेटरच्या डोक्यात आणि काचेखाली सरकवलेल्या पिवळ्या कागदावर. तो कागद एका ओळीनं हटवला. ती ओळ अशी:

सीएन=अमुक तमुक, ओयू=बालरोग, ओ=रुग्णालय, एल=वर्धा, सी=आयएन

माणसं मी कल्पिली, घाट मात्र खरा आहे. एलडॅप नावाच्या, संगणकावरच्या डिरेक्टरीच्या व्यवस्थेत प्रत्येक माणसाची ओळख अशी लिहिली जाते. आधी नाव, मग विभाग, संस्था, गाव, शेवटी देश. आपण पाकिटावर पत्ता लिहितो तो नेमका याच चालीनं: अमुक यांस, मु. पो. सेवाग्राम, ता. जि. वर्धा. पोस्टमन मात्र तो खालून वर वाचतो, आणि संगणकही तसाच मुळाकडून पानाकडे येतो. लिहिणाऱ्याला माणूस आधी, शोधणाऱ्याला मुलूख आधी. हल्ली देशाच्या जागी इंटरनेटवरच्या नावाचे तुकडे येतात. मला जुना घाट अधिक आवडतो, त्यात गाव दिसतं.

या ओळीचं कूळ टेलिफोनचंच. १९८८ साली दूरसंचाराच्या आंतरराष्ट्रीय समितीनं एक्स-५०० ही जगभरच्या डिरेक्टरीची मोठी योजना मांडली. ती इतकी अवजड की साध्या संगणकाला पेलेना. १९९३मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या मंडळींनी पुढाकार घेऊन तिचं हलकं रूप काढलं. एलडॅपमधला ‘एल’ म्हणजे हाच हलकेपणा. तेव्हा आज ईपीएबीएक्स, म्हणजे कार्यालयातलं आतलं एक्स्चेंज, डिरेक्टरीला जोडतात, ते फोनचं माहेरी येणंच आहे.

ओळीखाली तपशिलाचे रकाने असतात, आणि खरी गंमत तिथं आहे. माणसाच्या नोंदीत दोनच गोष्टी सक्तीच्या: पूर्ण नाव आणि आडनाव. फोन नंबर ऐच्छिक! नसला तरी चालतो, एकाऐवजी तीन असले तरी चालतात. जुन्या पद्धतीत नंबर टेबलाचा असे, आणि टेबलामागे बसेल तो माणूस त्या नंबराचा. इथं माणूस मुख्य, नंबर त्याच्या अंगावरचा एक दागिना. बदली झाली की ओयू बदलायचा. सेवानिवृत्त झाला की एक नोंद काढायची आणि सगळ्या फोनच्या पडद्यांवरून नाव उतरतं. पण आडनावाची सक्ती मला खटकते. आश्रमातल्या कस्तुरबांच्या कुटीवर नुसतं ‘बा’ एवढंच. त्यांना या रकान्यात काय लिहाल? जाणीवपूर्वक आडनाव टाकून दिलेली माणसं महाराष्ट्रात कमी नाहीत. त्यांच्यासाठी नोंदणारा बिचारा एक टिंब देतो किंवा नावच पुन्हा लिहितो.

नंबर लिहिण्याचीही शिस्त आहे. तो जगाच्या हिशेबानं लिहायचा, अधिक चिन्ह, ९१, मग ७१५२. वर्ध्याचा एसटीडी कोड म्हणताना आपण आधी जे शून्य लावतो, ते इथं गळतं. उलट आतल्या आत लावायचा तर पुढचं सगळं छाटून शेवटचे आकडे तेवढे उरवायचे; हे काम फोनच्या यंत्रणेला नीट शिकवलं नाही, तर शेजारच्या खोलीतल्या माणसाला फोन गावभर फिरून लागतो.

आता शोधाची ओळ, त्यात ‘एसएन’ म्हणजे आडनाव:

(&(ऑब्जेक्टक्लास=पर्सन)(एसएन~=ठाकरे))

मराठीत क्रियापदाची वाट शेवटपर्यंत पाहावी लागते. इथं ‘आणि’ सगळ्यांच्या आधी, काय जोडायचं ते मागाहून. बरोबरच्या चिन्हाआधीची ती नागमोडी रेघ म्हणजे ‘साधारण असं’. ठाकरे रोमन लिपीत कुणी एक ‘ए’ जास्त घालून लिहितं, कुणी गाळतं. वानखेडे-वानखडेंचं तर विचारूच नका. पुष्कळ डिरेक्टऱ्यांत ती रेघ कानानं शोधते. यंत्राच्या व्याकरणात ‘अंदाजे’ला एवढी मानाची जागा मी दुसरीकडे पाहिली नाही.

एक गाठ मात्र सुटत नाही. डिरेक्टरी पासवर्ड बहुधा कुटून ठेवते, पिठातून पुन्हा ज्वारी करता येत नाही तसा. इंटरनेटवर बोलणाऱ्या फोनला मात्र जुन्या रीतीनं ओळख पटवताना दोन्हीकडे तेच मूळ गुपित लागतं, किंवा त्याचं ठरावीक पद्धतीनं दळलेलं पीठ. दोघांची जाती वेगळी. म्हणून पुष्कळ ठिकाणी नाव-नंबर डिरेक्टरीतून येतात आणि फोनची किल्ली वेगळ्याच डब्यात राहते. कवितेत यमक चुकावं तसं हे बोचतं.

आणि हो, या रकान्यांच्या एका जुन्या, अधिकृत यादीत ‘आवडतं पेय’ असाही एक रकाना आहे. कुणी गंमत म्हणून घातला की गंभीरपणे, कोण जाणे. वर्ध्याच्या नोंदींत तो बहुतेक जागी सारखाच भरला जाईल, आणि कटिंग की फुल्ल एवढाच वाद उरेल.