केळीवरील करपा : जनुकीय निदानपद्धतींचे एक परीक्षण

शहादा-तळोदा पट्ट्यातील बागायतदार केळीच्या पानावरील पिवळसर रेषा, तपकिरी ठिपके आणि अखेरीस वाळून लोंबणारी पाने या साऱ्यास ‘करपा’ असे एकच नाव देतो. त्याने तसे म्हणण्यात वावगे काही नाही. मात्र संशोधन-निबंधातही केवळ लक्षणे पाहून बुरशीची जात निश्चित केली जावी, हे आक्षेपार्ह होय. सिगाटोका या नावाखाली मायकोस्फेरेला म्युझिकोला, फिजिएन्सिस व युम्युसे अशा तीन जाती येतात. त्यांची लक्षणे व जीवनचक्रे इतकी सारखी आहेत की अनुभवी डोळाही फसतो. तिसरी जात तर दक्षिण व आग्नेय आशियातील असून तिला २००२ मध्ये नाव मिळाले.

अर्झान्लू व सहकाऱ्यांनी २००७ मध्ये ॲक्टिन जनुकावर आधारित पीसीआर आणि बीटा-ट्युब्युलिन जनुकावर आधारित परिमाणात्मक चाचणी सिद्ध केली. शुद्ध संवर्धनातील डीएनए प्रति मायक्रोलिटर १ पिकोग्रॅम इतका अल्प असला तरी ती तिन्ही जाती ओळखते. हे यश मोठेच आहे. तथापि, नैसर्गिकरीत्या बाधित पानांतील मोजमाप तेथे फिजिएन्सिसपुरतेच दिलेले आहे, ही बाब उद्धृत करणारे बहुधा विसरतात. भारतीय अभ्यासकास जिची दखल घेणे अगत्याचे, त्या युम्युसेसाठी ते प्रमाण गृहीत धरता येणार नाही. स्थानिक पानांवर त्याची पडताळणी व्हावयास हवी.

दुसरा दोष नमुन्यांचा. ही बुरशी संवर्धनात अतिशय मंद वाढते. वाळलेल्या पानाचा तुकडा माध्यमावर ठेवला तर त्यावर प्रथम फोफावतात त्या मृतोपजीवी बुरशी. त्यांचा आयटीएस क्रम वाचून रोगकारकाचे नाव देणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी देण्यासारखे आहे.

प्रश्न केवळ नामकरणाचा नाही. कार्बेन्डाझिम बीटा-ट्युब्युलिन या प्रथिनावरच कार्य करते. फिजिएन्सिसमध्ये त्यातील १९८ व्या स्थानचा एक अमिनो आम्ल बदलला की औषध निष्प्रभ होते. स्ट्रोबिल्युरिन गटाबाबत सायटोक्रोम-बी मधील १४३ व्या स्थानचा बदल मध्य अमेरिकेतील बागांत दिसून आला. फवारणी फसली की बागायतदार मात्रा वाढवितो, आणि खर्च व्यर्थ जातो. तापीकाठच्या नमुन्यांत ही दोन स्थाने वाचणे एखाद्या महाविद्यालयीन प्रयोगशाळेस बाहेरून क्रमनिर्धारण करवून घेऊनही शक्य आहे. त्यासाठी ताज्या ठिपक्यांतून एकबीजाणू संवर्धने मिळवावी लागतील, आणि तीही पावसाळ्यातच.