कोकणातील अंगण आणि मांडव : टिकाऊपणाच्या संकल्पनेची चिकित्सा

प्रास्ताविक :

कोकणातील घराच्या रचनेत अंगणाला असाधारण महत्त्व आहे. भाताची मळणी, आमसुले व आंबापोळी वाळविणे, लग्नकार्य, शिमग्यात घरोघरी येणाऱ्या पालखीचे स्वागत या सर्व गोष्टी अंगणातच होतात. दक्षिण कोकणात यालाच 'खळे' म्हणतात. गेल्या काही दशकांत या अंगणाचे स्वरूप झपाट्याने बदलले आहे. सारवलेल्या जमिनीच्या जागी काँक्रीट वा पेव्हर ब्लॉक आणि मांडवाच्या जागी पत्र्याची कायमस्वरूपी शेड आली. नव्या बंगल्यांच्या आराखड्यांत 'पॅटिओ' व 'पर्गोला' हे शब्दही रूढ होत आहेत. या बदलाचे समर्थन 'टिकाऊपणा' या एकाच शब्दाने केले जाते. हा टिकाऊपणा नेमका कशाचा आणि तो कोकणच्या हवामानात कितपत सिद्ध होतो, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ऋतुचक्र आणि मांडव :

रत्नागिरी परिसरात वर्षाला सरासरी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतांश जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. उरलेल्या आठ महिन्यांत प्रश्न उन्हाचा असतो. एकाच जागेला वर्षातून दोनदा परस्परविरुद्ध गरजा भागवाव्या लागतात. मांडव हे या पेचाला दिलेले उत्तर होय. पाऊस सरल्यावर अंगण चोपून, सारवून तयार करावयाचे, मेढी रोवून त्यावर बांबू वा पोफळीचे वासे टाकावयाचे, वर नारळाच्या झावळ्यांचे आच्छादन घालावयाचे आणि आगोटीच्या कामांत, म्हणजे घर शाकारतानाच, ते सारे उतरवावयाचे, असा हा क्रम होता.

एखाद्या कार्याचा आरंभ सांगण्यासाठी मराठीत 'मुहूर्तमेढ रोवणे' हा वाक्प्रचार वापरला जातो. ही मेढ कार्य संपताच उपटली जाणार, हे त्यात गृहीतच असते. लाकूड सर्वांत आधी कुजते ते जमिनीलगत, जेथे ओल आणि हवा दोन्ही पोहोचतात. पावसापूर्वी मेढ काढून कोरड्या जागी ठेवल्यास हा धोका टळतो. बांबू काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवल्यास त्यातील पिष्टमय अंश कमी होतो व भुंगेऱ्यांचा उपद्रव घटतो. येथे आयुष्य लाभते ते सामग्रीला. रचना मात्र दरवर्षी नवी होते.

आयात केलेली प्रतिमा :

'पर्गोला' हा शब्द इटालियन भाषेतून आला आहे. वेल चढविण्यासाठी उभारलेली ही उघड्या दांड्यांची रचना भूमध्य सागरी हवामानाशी सुसंगत आहे. तेथील उन्हाळा कोरडा असतो आणि पाऊस मुख्यतः हिवाळ्यात पडतो. द्राक्षवेलीची पाने उन्हाळ्यात सावली देतात व हिवाळ्यात गळून ऊन आत येऊ देतात. म्हणजे मूळ पर्गोलाही ऋतूनुसार बदलणारा मांडवच होय. कोकणात त्याची आकृती स्वीकारली गेली, त्यातील ऋतुभान मात्र मागे राहिले. उघड्या दांड्यांतून पाऊस येतो म्हणून वर पत्रा ठोकला जातो आणि पर्गोलाची शेड होते.

टिकाऊपणाचा भ्रम :

चारही बाजूंनी उघड्या शेडमध्ये वारा खालून छपराला उचलतो, त्याच वेळी वरून जाणारा वारा त्याला ओढतो. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर धडकले. त्या वेळी श्रीवर्धन, मुरूड, दापोली, मंडणगड या भागांत घरांची छपरे मोठ्या प्रमाणात उडाली. आगोटीच्या जुन्या क्रमानुसार तोवर मांडव उतरलेला असतो. कायमच्या शेडला ती सवड नसते.

जमिनीच्या बाबतीतही हेच दिसते. किनाऱ्यावरील खारी हवा काँक्रीटच्या सूक्ष्म भेगांतून सळईपर्यंत पोहोचते. गंजलेली सळई फुगते आणि वरचा थर फोडते. शिवाय सलग काँक्रीटमुळे पागोळ्यांचे पाणी जमिनीत न मुरता जोत्याकडे वा शेजाऱ्याच्या आवारात वाहते. घराचा पाया ओला राहणे आणि आवारातील विहिरीच्या वाट्याचे पाणी वाहून जाणे, ही त्या टिकाऊपणाची किंमत आहे.

परंपरेच्या मर्यादा :

तथापि जुन्या अंगणाचे गौरवीकरणही टाळावयास हवे. सारवण्याचे काम प्रायः स्त्रियांच्या माथी होते आणि त्या श्रमांची गणना कोणत्याही हिशेबात झाली नाही. मांडव उभा राही तो वाडीच्या सामूहिक श्रमांवर. मुंबईच्या स्थलांतराने वाड्या रिकाम्या झाल्या, गोठे ओस पडले. तेव्हा शेण कोणी आणावयाचे आणि मेढ कोणी रोवावयाची, हा प्रश्न रास्तच आहे. काँक्रीट स्वीकारणाऱ्या गृहिणीने कष्टातून सुटका निवडली आहे. तिला परंपरेचा विसर पडला, असा ठपका ठेवणे अन्यायाचे होईल.

म्हणूनच पुनरुज्जीवनापेक्षा तत्त्वाचा स्वीकार अधिक फलदायी ठरतो. खडीच्या थरावर मोकळ्या सांध्यांनी बसविलेले जांभ्याचे चिरे सारवणाचे कष्ट वाचवितात आणि पाणीही मुरू देतात. तीन मीटर रुंदीच्या अंगणाला घरापासून बाहेरच्या दिशेने सुमारे ५ सेंटिमीटर उतार पुरतो. खांब जमिनीत न गाडता दगडी बैठकीवर, फरसबंदीपासून किंचित उंच पण घट्ट जखडून उभे केल्यास बुंधा कोरडा राहतो. सांगाडा कायम ठेवून केवळ आच्छादन काढता-घालता येईल अशी सोय केल्यास दोन माणसांचे घरही मांडवाचा क्रम पाळू शकते.

समारोप :

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, कोकणच्या हवामानात टिकाऊपणा हा केवळ सामग्रीचा गुण नसून ऋतूशी राखलेल्या संबंधाचा गुण आहे. कायमचे छप्पर घातलेले अंगण हळूहळू साठवणीची खोली बनते आणि पालखीला टेकावयास जागा उरत नाही. स्थापत्याच्या अभ्यासक्रमात पर्गोला शिकविला जात असताना मांडवाची रचनाही अभ्यासविषय व्हावी, तसेच त्यामागील स्त्रियांच्या व वाडीच्या श्रमांचा विचार समाजशास्त्राने करावा, ही अपेक्षा अप्रस्तुत ठरू नये.