न फुलणारी सात वर्षे

मराठीत जीवसृष्टीची जी जुनी वर्गवारी आहे, ती जन्माच्या रीतीवरून केलेली आहे. जारज म्हणजे वारेसकट जन्मणारे, अंडज म्हणजे अंड्यातून येणारे, स्वेदज म्हणजे घामातून, ओलाव्यातून उपजतात असे मानलेले आणि उद्भिज्ज म्हणजे जमीन फोडून वर येणारे. संतवाङ्मयात या चार खाणी वारंवार भेटतात. स्वेदजांची कल्पना आधुनिक जीवशास्त्रापुढे टिकली नाही. तरीही या वर्गवारीने एक मोठे काम केले. माणूस, म्हैस, पाखरू आणि झाड यांना तिने एकाच यादीत बसवले. मात्र त्याबरोबर एक सवयही भाषेला लागली. जीव ओळखायचा तो जन्मावरून, आणि पुढे त्याची किंमत करायची ती त्याने कशाला जन्म दिला यावरून.

ही सवय आपल्या समीक्षेच्या परिभाषेत सर्रास दिसते. कथेला आपण बीज असते असे म्हणतो, लेखकाला प्रसववेदना होतात, कवीच्या प्रतिभेला बहर येतो, प्रयत्न फलद्रूप होतात. आणि ज्या चर्चेतून काही निष्पन्न होत नाही, ती ‘वांझोटी चर्चा’. हा शेवटचा शब्दप्रयोग परिसंवादांच्या वृत्तांतात, अग्रलेखांत, पुस्तक परीक्षणांत इतका रुळला आहे की तो लिहिताना कोणाचा हात अडखळत नाही. ज्या बाईला हा शब्द घरात, मंगळागौरीला, बारशाला ऐकून घ्यावा लागला असेल, तिला मात्र तो चर्चेपुरता ऐकू येत नाही. या रूपकांच्या मुळाशी असलेली समजूत तपासून पाहणे हा या लेखाचा हेतू आहे. प्रजनन म्हणजे फुलण्याचा किंवा विण्याचा क्षण आणि बाकीचा काळ रिकामा, अशी ती समजूत आहे. ती तपासायला मुंबईच्या उपनगरांइतकी सोयीची जागा दुसरी नाही.

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीच्या बाजूच्या उतारांवर कारवी आहे. शास्त्रीय नाव स्ट्रोबिलँथिस कॅलोसा. पावसाळ्यात ती हिरवीगार होते, पाऊस सरला की पाने जाऊन काटक्या उरतात. असे सात वर्षे चालते. आठव्या वर्षी सगळा डोंगर एकदम जांभळा-निळा होतो. बोरिवलीत हे २००८ मध्ये झाले, २०१६ मध्ये झाले आणि २०२४ मध्ये झाले. फुलांनंतर फळे धरतात आणि झुडूप मरते. वाळलेली फळे पुढच्या पावसाचे पाणी शोषून घेतात आणि टपटप फुटून बी दूर उडवतात. त्या बियांतून नवी पिढी उगवते. सगळ्या झुडपांनी एकाच वेळी फुलण्याचा एक अर्थ अभ्यासक असा लावतात की बी एवढे पडते की खाणाऱ्या किडा-मुंगीला आणि उंदीर-पाखरांना ते संपवता येत नाही, आणि उरलेले रुजते.

या झाडाबद्दल आपण काय लिहितो? वृत्तपत्रांतले, पुरवण्यांतले आणि भटकंतीच्या सदरांतले कारवीविषयक लेखन साधारण एका साच्याचे असते. आठ वर्षांनी आलेला योग, निळाईची उधळण, मधमाश्यांची लगबग, जाण्याची वाट, जाण्याची वेळ. जवळजवळ सगळे लेखन आठव्या वर्षी होते. सात वर्षे कारवीवर मजकूर नसतो. त्याहून लक्षणीय म्हणजे तिच्या मरणाचा उल्लेख बहुधा एका वाक्यात उरकला जातो. वास्तविक फूल हा या झाडाच्या आयुष्यातला शेवटचा हंगाम आहे. जो माणूस ऑक्टोबरात फुले पाहून परततो, तो मरणाच्या वाटेवर असलेले रान पाहून आलेला असतो. ते सांगायचे तर लेखकाला पुढच्या मे महिन्यात त्याच उतारावर पुन्हा जावे लागेल, जेव्हा तिथे वाळलेल्या काड्यांखेरीज काही नसते.

याचे कारण लेखकांच्या आळसात शोधण्यापेक्षा लेखनाच्या घाटात शोधावे. मराठी निसर्गलेखनाचा सर्वांत आदरणीय नमुना म्हणजे दुर्गा भागवतांचे ‘ऋतुचक्र’. चैत्रापासून फाल्गुनापर्यंत एकेक महिना घेऊन, झाडे आणि आकाश बारकाईने पाहत लिहिलेले हे पुस्तक आजही नव्या वाचकाला झाडाखाली थांबायला लावते. पण बारा महिन्यांचे वर्तुळ ही त्याची चौकट आहे. या चौकटीत मोहर, पालवी, पानगळ आणि पुन्हा मोहर असे सगळे वर्षाच्या आत येऊन मिटते. मरण येते ते पानाचे; झाड पुढच्या चैत्रात परत हजर असते. कारवी या वर्तुळात मावत नाही. तिचे एक वर्तुळ पुरे व्हायला अशी आठ पुस्तके लागतील, आणि त्यांपैकी सातांत तिच्याबद्दल सांगण्यासारखे फारसे काही घडणार नाही. ‘ऋतुचक्र’ने घालून दिलेली वाट इतकी सुंदर होती की तिच्यावरून चालणाऱ्यांनी ही अडचण पाहिलीच नाही. वर्षाची चौकट तशीच ठेवली आणि जे तिच्यात बसले नाही ते ‘दुर्मीळ योग’ म्हणून वेगळे काढले.

अशाच नजरेतून ‘उंबराचे फूल’ हा वाक्प्रचार आला आहे. न दिसणारा, दुर्लभ माणूस म्हणजे उंबराचे फूल. प्रत्यक्षात उंबराला फुलांची ददात नाही. ज्याला आपण फळ म्हणतो त्याच्या आत शेकडो बारीक फुले असतात. तोंडाच्या छिद्रातून एक चिमुकली गांधीलमाशी आत शिरते. शिरताना बहुधा तिचे पंख तुटतात. ती परागण करते, अंडी घालते आणि तिथेच मरते. तिच्या पिलांतले नर बिनपंखी असतात. ते माद्यांशी समागम करून त्यांना बाहेर पडायला वाट कोरून देतात, आणि माद्या पराग घेऊन दुसऱ्या उंबराकडे जातात. अंधेरीच्या वाहत्या रस्त्याकडेच्या उंबरातही हे घडत असते. भाषेने मात्र, बाहेरून दिसत नाही म्हणून, ते नाहीच असे धरले.

कारवीच्या न फुलणाऱ्या वर्षांची कदर असलेली एक परंपरा आपल्याकडे आहे. ती लेखनात नाही, भिंतीत आहे. वारली घराच्या भिंती कारवीच्या कुडाच्या असत. काड्या उभ्या लावायच्या, बांधायच्या आणि वरून माती-शेणाचा गिलावा द्यायचा. राष्ट्रीय उद्यानातल्या आणि आरेतल्या पाड्यांना हा कूड परका नाही. लग्नात त्याच भिंतीवर गेरूच्या पार्श्वभूमीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहिला जातो. चौकाच्या मध्ये पालघट देवी असते, जी धान्याची, झाडोऱ्याची आणि माणसाच्या वंशाचीही देवता आहे. चौक लिहितात त्या सवाशिणी, आणि चौकाशिवाय लग्न लागत नाही. जिव्या सोमा मशे यांनी ही चित्रे कागदावर आणि कापडावर आणली, ती जगभर गेली आणि त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. पण कागदावर येताना चित्राची भिंत मागे राहिली. वारली चित्रकलेवरचे आपले लेखन त्रिकोण, वर्तुळे आणि तारपा नाचाची लय यांवर भरभरून बोलते. चित्राखालच्या काडीवर क्वचितच थांबते. सुफलनाचे चित्र जिच्या आधाराने उभे आहे ती काडी फुलाची नाही, फुलण्याआधीच्या वर्षांतली आहे. हे जुळवून पाहिले तर चौकाचा अर्थ आणखी भरीव होतो.

गोठ्याची भाषाही या बाबतीत साहित्याच्या भाषेपेक्षा नेमकी आहे. १९४९ मध्ये गोरेगावला आरे दुग्ध वसाहत सुरू झाली आणि शहरातल्या गोठ्यांतल्या म्हशी तिकडे हलवल्या गेल्या. गाभण, व्यायलेली, दुभती, आटलेली, भाकड, पहिल्या वेताची, दुसऱ्या वेताची हे शब्द तिथले कामाचे शब्द आहेत. म्हैस सुमारे दहा महिने गाभण असते, आणि पुढच्या वेताआधी दोनेक महिने तिला मुद्दाम आटवतात. कासेतल्या पेशींना तेवढी उसंत मिळाली नाही तर पुढच्या वेताचे दूध घटते. या अर्थाने भाकडकाळ हा दुधाच्याच हिशेबाचा भाग आहे. मात्र इथे भाबडेपणा नको. भाकड जनावर पोसणे शहरातल्या गोठ्याला परवडत नसे आणि ते अनेकदा खाटकाकडे जाई. म्हणजे शब्दात समज होती, पण जमाखर्चात ती टिकली नाही. साहित्याने गोठ्यातून शब्द उचलला तो या जमाखर्चासकट. त्यातली समज मात्र गोठ्यातच राहिली.

मुलुंड, भांडुप, विक्रोळी या पट्ट्याच्या पूर्वेला ठाण्याची खाडी आहे. २०१५ मध्ये तिचा भाग रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि २०२२ मध्ये तिला रामसर दर्जा मिळाला. रोहित इथे हिवाळ्यापासून उन्हाळा सरेपर्यंत राहतात, पण घरटी इथे करत नाहीत. त्यांची वीण कच्छच्या रणात होते. इथे ते चिखलातले शेवाळ आणि बारीक जीव खातात. त्यांचा गुलाबी रंग या अन्नातूनच येतो. राखाडी अंगाची पिलेही थव्यात दिसतात. ‘पक्षी इथे वीण करत नाहीत’ हे वाक्य खरे आहे. त्यावरून खाडी ही वाटेतली धर्मशाळा आहे असे समजणे मात्र चूक आहे. कच्छमधल्या अंड्याला लागणारे अंगबळ मुलुंड-भांडुपच्या चिखलातही तयार होते. विणीच्या जागेइतकीच ही जागाही प्रजननाची आहे.

इथे एक आक्षेप येईल. कारवीची सात वर्षे शेवटी आठव्यासाठीच असतात, भाकडकाळ पुढच्या वेतासाठी आणि खाडी कच्छसाठी. म्हणजे मोजमाप पुन्हा अपत्याचेच झाले. आक्षेप योग्य आहे, आणि त्याचे उत्तर निसर्गात मिळणार नाही. निसर्गावरून माणसासाठी नियम काढू लागलो तर कारवी हेही शिकवील की जन्म दिल्यावर आईने मरावे. त्यागमूर्ती मातेची आपली कविता या धड्याच्या फार दूर नाही.

उत्तर मिळते ते र. धों. कर्व्यांकडे. त्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. जुलै १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू होईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवले. त्यापायी विल्सन कॉलेजातली गणिताची प्राध्यापकी गेली, खटले झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडली, तरी दंड झालाच. कर्वे आणि मालतीबाईंनी स्वतः मूल होऊ न देण्याचे ठरवले होते. कर्व्यांचा मुद्दा असा होता की कामजीवन आणि अपत्य या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि मूल व्हावे की नाही हे बाईने ठरवावे. माणसाच्या बाबतीत न फुलणारी वर्षे आठव्या वर्षाची उमेदवारी नसतात, हे मराठीत इतक्या स्वच्छपणे त्यांच्याआधी कोणी सांगितले नव्हते.

तरी कर्व्यांच्या लेखनाचीही मर्यादा नोंदवायला हवी. त्यांची भाषा वैद्यकाची आणि तर्काची होती. रूपकांकडे त्यांनी लक्ष दिले नाही. पुढे असे झाले की शरीराबद्दलचे लेखन आरोग्याच्या सदरात गेले, फुलांबद्दलचे ललितात गेले, आणि ‘वांझोटी’ हा शब्द दोन्हीकडून सुटून समीक्षेत निर्धास्त राहिला. कर्व्यांचा विचार आणि दुर्गाबाईंची नजर एका पानावर आली असती तर हा शब्द केव्हाच खटकला असता.

बोरिवलीची कारवी आता २०३२ मध्ये फुलेल. तोवर तिथे आहेत ती २०२५ च्या पावसात रुजलेली रोपे. उतारावरची माती धरून ठेवणे हे त्यांचे काम याच वर्षांत चालते, आणि झुडपे म्हणून ती तोडली जाण्याचा धोकाही याच वर्षांत असतो, कारण तेव्हा ती कोणाच्या नजरेत नसतात. तिच्यावर लिहायचेच असेल तर ते आता लिहावे. आणि एखाद्या परिसंवादातून काही निष्पन्न झाले नाही, तर ‘निष्फळ’ हा साधा शब्द मराठीत आहे. तोही फळाचाच आहे, पण तो कोणत्याही बाईला तोंडावर कधी म्हटला गेलेला नाही.